पी आयलंडचे सात जण

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेहून गाडीने चारेक तास गेलं की आउटर बँक्स लागतं. वाळूची चिंचोळी पट्टी नुसती. दक्षिणेकडे निघालात की डाव्या हाताला अटलांटिक आणि उजव्या हाताला खाडी. इथे इतकी जहाजं फुटली आहेत की या किनाऱ्याला अटलांटिकचं कब्रस्तान म्हणतात.

इथल्या रोडांथे गावात चिकामाकोमिको हे १८७४ सालचं लाइफ-सेव्हिंग स्टेशन, म्हणजे फुटल्या जहाजांवरच्या माणसांना वाचवणाऱ्या तुकडीचं ठाणं, अजून उभं आहे. उन्हाळ्यात तिथे जुना सराव करून दाखवतात. आधी वाळूत खड्डा खणून दोरांचा आधार पुरतात. मग छोटी तोफ उडते आणि गोळ्यामागून बारीक दोरी सुर्रकन उलगडत दूरच्या खांबावर जाऊन पडते. हा खांब म्हणजे बुडणाऱ्या जहाजाची डोलकाठी. बारीक दोरीवरून जाड दोर पोचवतात आणि त्याला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कडं, टांगतात. बोयाला कॅनव्हासची आखूड विजार शिवलेली. तिच्यात पाय घालून बसायचं आणि लाटांवरून किनाऱ्याकडे ओढून घ्यायचं. पूर्वी हे सगळं पाच मिनिटांत जमावं लागे. तोफेचा आवाज झाला तशी लेकीने माझा हात घट्ट धरला, तो बोया परत येईपर्यंत सोडला नाही.

त्या काळी स्टेशनचे लोक रात्री किनाऱ्याने पायी गस्त घालत. अर्ध्या वाटेवर शेजारच्या स्टेशनचा माणूस भेटला की धातूचे बिल्ले बदलायचे. तो बिल्ला हीच पूर्ण फेरी झाल्याची खूण.

मला मात्र सांगायचंय ते उत्तरेकडच्या स्टेशनाबद्दल, पी आयलंडबद्दल. रिचर्ड एथरिज १८४२ साली याच भागात गुलाम म्हणून जन्मला. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो गुलामगिरीविरुद्धच्या उत्तरेच्या बाजूने लढला. १८८० साली त्याला या स्टेशनचा कीपर नेमलं. काळा माणूस प्रमुख होतो हे अनेकांना खपलं नाही. काही महिन्यांतच स्टेशन जळालं, आणि ते जाळल्याचाच संशय होता. एथरिजने ते पुन्हा बांधून घेतलं, आणि तुकडी सगळी काळ्या माणसांची उभी केली.

११ ऑक्टोबर १८९६. वादळ इतकं की समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून पार पलीकडे वाहत होतं. थिओडोर मीकिन्सला काळोखात दूरवर जहाजावरच्या माणसांची मशाल दिसली. ई. एस. न्यूमन नावाचं शिडाचं जहाज वाळूत रुतलं होतं. त्यावर नऊ माणसं होती, कॅप्टनची बायको आणि लहान मूलही त्यातच. तुकडी सगळं सामान ओढत तिथवर पोचली, पण आधार पुरायला कोरडी वाळूच नव्हती. खड्डा खणावा तर पाण्याने भरे. ज्या सरावावर त्यांची सारी भिस्त होती, तो त्या रात्री बिनकामाचा ठरला.

मग एथरिजने दोघांना एकमेकांशी दोराने बांधलं, दुसरा दोर किनाऱ्यावरच्यांच्या हाती दिला आणि त्यांना पाण्यात धाडलं. ते जहाजापर्यंत पोहत गेले. पहिल्यांदा मूल आणलं. मग दमलेल्यांच्या जागी दुसरी जोडी, पुन्हा तिसरी, असं एकेक करत नऊच्या नऊ माणसं काठावर आणली. बोयाची गंमत बघून हसलेली मी हे वाचताना गप्प झाले.

१९१८ साली चिकामाकोमिकोच्या तुकडीने पेटत्या समुद्रातून मर्लो या तेलवाहू जहाजाचे ५१ पैकी ४२ जण वाचवले. त्यांना काही वर्षांतच पदकं मिळाली, ती रास्तच होती. न्यूमनच्या सुटकेसाठी एथरिज आणि त्याच्या सहा साथीदारांना सुवर्णपदक मिळालं ते १९९६ साली. पूर्ण शंभर वर्षांनी, सातही जण गेल्यावर. मला याचा अजून राग येतो.

परतताना रोआनोक बेटावरच्या मत्स्यालयात गेलो. एथरिजची कबर त्याच आवारात आहे. माणसं तिकिटं काढून आत शार्क बघायला जात होती. आम्ही तिथे थांबलो. लेकीने दगडावर अडकलेली पानं हाताने बाजूला केली आणि अक्षर न् अक्षर लावत नाव मोठ्याने वाचलं.