फटीतून

बंद टॉकीजच्या शटरचा पत्रा खाली एका कोपऱ्यात वाकलाय. परवा भर दुपारी त्या फटीला डोळा लावून मी उकिडवा बसलो होतो. वयाला न शोभणारा प्रकार. मागून जाणाऱ्या एका आजीबाईंनी "काय पडलं काय रं?" म्हणून विचारलंसुद्धा. आत बघण्यासारखं फार नव्हतं. तिकिटाची खिडकी, तिच्या खालचा कडाप्पा हात लागून लागून मधोमध खोलगट झालेला, आणि भिंतीवर रंगवलेलं 'अप्पर स्टॉल'. पुढचा दराचा आकडा कुणीतरी खरवडून काढलेला. कशाला काढला असेल? आकडा वाचून लोक आत शिरतील म्हणून?

तसं कोल्हापूरकराला बंद टॉकीजचं अप्रूप असायचं कारण नाही. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथंच निघाली आणि 1933 साली पुण्याला गेलीसुद्धा. 'हितं पूर्वी अमुक होतं' हे सांगण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

माझ्या भाच्याला याच गोष्टीचा नाद आहे, पण त्याचा नाद मोबाईलवरचा. जगभर पोरं म्हणे सोडून दिलेल्या इमारतींत शिरतात, फोटो काढतात. त्यांचे नियमही आहेत: काही उचलायचं नाही, काही मोडायचं नाही, जागेचा पत्ता कुणाला सांगायचा नाही. त्यानं मला प्रिप्यात दाखवलं. 1986 साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर रिकामं केलेलं गाव, तिथला तो पिवळा जत्रेतला पाळणा. जपानचं हाशिमा बेट दाखवलं. कोळशाच्या खाणीपायी माणसांनी गच्च भरलेलं, 1974 साली खाण बंद झाल्यावर सगळे निघून गेले. "मामा, आपल्याकडं असलं काहीच नाही," असं म्हणून त्यानं सुस्कारा सोडला.

कसं असेल? आमच्याकडं जागेला ओसाड पडायला कुणी सवडच देत नाही. मालक वारला, भावाभावांत दावा लागला, की तिथं पहिल्यांदा म्हैस येते. मग शेणी थापायला भिंत मिळते. मग म्हशीच्या मालकाचे मित्र बसायला येतात, त्यांचं मंडळ होतं आणि मंडळाचा बोर्ड लागतो. पत्ता लपवण्याचा तर प्रश्नच नाही, राखणदारच चहा पाजून सगळा इतिहास सांगतो. प्रिप्यात कोल्हापूर जिल्ह्यात असतं, तर त्या पाळण्याखाली एव्हाना भेळेची गाडी लागली असती.

आमच्या लहानपणीची पडकी जागा म्हणजे साठमारी. शाहू महाराजांच्या काळात तिथं चिडवलेला हत्ती आणि पायी माणूस असा खेळ चालायचा. हत्ती अंगावर आला की दगडी आडोशाच्या अरुंद वाटेतून माणसानं निसटायचं, हत्ती बाहेर. आम्ही तेच खेळायचो. हत्ती व्हायचा मान अर्थातच गल्लीतल्या सगळ्यात जाड पोराचा. तो खूश असायचा, कारण हत्तीवर कधी राज्य येत नसे. मी फटीत अंग चोरून उभा राहायचो. गालाला गार दगड, नाकात शेवाळाचा वास आणि बाहेर 'हत्ती' धापा टाकतोय. तिथून दिसायचं ते मैदान चार बोटं रुंद. पण नंतर मोकळ्यावर येऊन बघितलं की तेच मैदान कसं अळणी वाटायचं. माझी खोड तिथलीच असणार. दार उघडलं की माझा रस संपतो.

याचा पुरावा आमच्या शाहू मिलनं, म्हणजे कापडाच्या गिरणीनं दिला. या मिलचा पाया 1906 साली घातला गेला. तिच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लावलं जायचं आणि भोंग्याला आजीची उठवणारी हाक ठरलेली. बंद पडल्यावर कोटितीर्थाकडनं जाताना मी न चुकता गाडी हळू करायचो. चिमणी, कौलं, भिंतीतून उगवलेला पिंपळ. 2022 साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीला मिल लोकांसाठी खुली झाली, आत प्रदर्शनं भरली. शेजारचे अण्णा तिथंच साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते, त्यांना मोठ्या हौसेनं घेऊन गेलो.

अण्णा गेटपर्यंत आले.

"आत काय हाय?"

"प्रदर्शन आहे. स्टॉल आहेत, खायचं-प्यायचं आहे."

"मशिनी?"

"त्या कुठल्या आता."

"मग तू जाऊन ये."

मी आत भटकून आलो. सगळं छान झाडलेलं होतं, मंडप होता, लाऊडस्पीकर होता. बाहेर आलो तर अण्णांना त्यांच्याच खात्यातला एकजण भेटलेला. कुणाचा साचा खिडकीशी होता आणि उन्हाळ्यात तिथली झळ कुणी सोसली, यावर दोघांची चांगलीच जुंपली होती. मी दोनदा "अण्णा, निघायचं?" म्हटलं. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवटी पलीकडे जाऊन उसाचा रस घेतला, आलं जरा जास्तच होतं.