कोरियातली पहाटेची प्रार्थना, आणि मुलांसाठी नेमकं काय मागायचं

दक्षिण कोरियातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवार सोडून रोज पहाटे प्रार्थना असते. वेळ साधारण पाचची. कुठे साडेचार, कुठे साडेपाच. इथे तिला ‘सेब्योक गिदो’ म्हणतात. शिकायला किंवा नोकरीला इकडे येणार असाल तर भाषा येत नसली तरी एकदा जाच. मात्र सोलची मेट्रो साडेपाचच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे पाचची प्रार्थना मेट्रोने गाठता येत नाही. चालत जाता येईल असं चर्च शोधा, नाहीतर मंडळीची व्हॅन आपल्या बाजूने जाते का ते रविवारीच विचारून ठेवा.

ठरलेला कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा. एक गीत, शास्त्रपाठ आणि दहा-पंधरा मिनिटांचं वचन, म्हणजे पाळकाचं प्रवचन. मग दिवे मंद होतात, हळू आवाजात वाद्य सुरू होतं, आणि ज्यासाठी माणसं अंथरुणातून उठून आलेली असतात ते इथून पुढे चालू होतं. शेवटचा आशीर्वाद बहुधा नसतोच. ज्याची प्रार्थना झाली तो गुपचूप उठून जातो. कुणी दहा मिनिटांत, कुणी तासाभराने. नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो. दिवे मालवले म्हणजे संपलं असं समजून उठतो, किंवा बाकीचे कधी उठतील याची वाट बघत बसतो. मागच्या बाकावर कडेला बसलं की दोन्ही टळतं. पवित्र शास्त्र छापील न्या, अंधारात मोबाइलचा उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

या प्रथेचं मूळ प्योंगयांगमधलं मानतात. तिथल्या चांगदेह्योन चर्चमधले किल सन-जू यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. 1907 च्या जानेवारीत त्याच शहरात मोठी आत्मिक जागृती, म्हणजे पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची लाट आली, आणि त्याच वर्षी दीक्षा मिळालेल्या पहिल्या सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळकांत किल होते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली अशीच जागृती 1905 ची. तो काळच तसा होता. वेल्समधल्या आणि भारतातल्या जागृतीच्या बातम्या मिशनऱ्यांकडून कोरियापर्यंत पोचत होत्या.

आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांत एकजण प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. त्या सवयीच्या माणसाला ‘थोंगसोंग गिदो’ पहिल्यांदा चक्रावून टाकते. पुढारी एक विषय देतो, सगळे मिळून ‘चुयो’ अशी प्रभूला हाक मारतात, बऱ्याचदा तीनदा, आणि मग प्रत्येकजण आपापली प्रार्थना एकाच वेळी मोठ्याने करू लागतो. तीन-चार मिनिटांनी पुढारी माइकवरून ती आवरती घेतो आणि पुढचा विषय देतो. तुम्ही मराठीत प्रार्थना केलीत तरी कुणाचं लक्ष जात नाही, परक्या माणसाची ही मोठीच सोय आहे. शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत हा प्रकार हमखास असतो.

बिघडतं ते विषय देताना. ‘पुढच्या पिढीला आशीर्वाद दे’ एवढंच म्हटलं तर अर्ध्या मिनिटात लोकांचे शब्द संपतात आणि उरलेला वेळ तेच तेच घोळवण्यात जातो. विषय एका वाक्याचा, माणसं डोळ्यांसमोर येतील असा हवा: ‘माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातली जी मुलं गेल्या महिन्यात संडे स्कूलच्या वर्गाला आली नाहीत, त्यांच्यासाठी.’ एका बैठकीत असे तीन विषय पुरतात. सहा-सात झाले की शेवटचे नुसते वाचून दाखवले जातात. दुसरी चूक माइकची: पुढाऱ्याचा आवाज वर राहिला की लोक स्वतः बोलायचं सोडून त्याचंच ऐकत बसतात.

पुढच्या पिढीचा विषय इथे सतत निघतो, आणि त्याला कारण आहे. 2023 मध्ये देशाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 0.72 वर आला. अनेक लहान मंडळ्यांत संडे स्कूल भरवायला मुलंच उरलेली नाहीत. तरीही मुलांसाठीच्या प्रार्थनेला सगळ्यात जास्त पालक जमतात ते परीक्षेच्या दिवशी. नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा असते आणि कित्येक चर्चमध्ये प्रार्थना परीक्षेच्या वेळापत्रकाबरहुकूम चालते. 8:40 ला कोरियन भाषेचा पेपर, तेव्हा पहिली बैठक. 10:30 ला गणित, दुसरी. जेवणाच्या सुट्टीत तिकडे मुलं डबा उघडतात, इकडे आयाही उठतात. 1:10 ला इंग्रजी. त्यातल्या ऐकण्याच्या भागासाठी देशभर विमानांची उड्डाणं नि उतरणं थांबवतात. पुष्कळ ठिकाणी परीक्षेआधी शंभर दिवसांची प्रार्थनाही झालेली असते.

आयांची कळकळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण प्रार्थनेसाठी चर्चला दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘अमुक विद्यापीठ’ लिहिलं की निकालाबरोबर प्रार्थनाही संपते, आणि परीक्षा झाल्यावर पोरगं चर्चला यायचंच बंद होतं. जाणते पाळक म्हणून चिठ्ठीचा साचाच बदलतात. वर मुलाचं नाव, इयत्ता. खाली तीन ओळी: एक अभ्यासाची, एक त्याच्या विश्वासाची, एक आईबापांच्या स्वतःच्या वागणुकीची. दुसरी ओळ भरताना पालक अडतात, तेव्हा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 3 रा अध्याय उपयोगी पडतो. पौल तिथे अंतर्यामी बळ मागतो, परिस्थिती बदलण्याचं मागणं त्यात नाही. तिसऱ्या ओळीसाठी स्तोत्र 78: लेकरांना सांगायचं काम तिथे बापांवर सोपवलं आहे, संडे स्कूलच्या शिक्षकांवर नाही.

वर्षातून एक-दोनदा ‘थुकसे’ होते, म्हणजे आठवडाभराची किंवा थेट चाळीस दिवसांची खास पहाटप्रार्थना. तीत मुलांनाही आणतात, हजेरीच्या कार्डावर रोज शिक्का देतात आणि शाळेआधी चर्चमध्येच नाश्ता करून देतात. लहानांना घेऊन जाणार असाल तर आठवड्याचीच निवडा, आदल्या रात्री नऊला झोपवा, आणि वचन संपून दिवे मंद झाले की त्यांना बाहेर न्या. पुढचा तास मोठ्यांचा असतो. पेंगुळलेल्या पोराला तिथे दामटून बसवलं तर दुसऱ्या दिवशी ते उठत नाही.