तळहातावरची बर्बन

परवा भाचा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलहून आला. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर बसलो, पुढ्यात शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. त्यानं आणलेली बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, उघडली. मी आधी दोन थेंब तळहातावर घेतले, हात चोळले आणि नाकाशी नेले. डिस्टिलरीतली जुनी सवय. स्पिरिटचा झणका उडून गेला आणि मागं व्हॅनिला, करपत आलेला गूळ आणि लाकूड असा वास राहिला.

"मामा, ही मक्याची असते बरं का."

मका निदान 51 टक्के लागतोच. जोडीला राय हे गव्हासारखं धान्य घातलं की मिरीसारखा तिखटपणा येतो, गहू घातला की मऊ लागते. पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच आकड्यावर. मी 22 वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. मळीपासून काढलेलं स्पिरिट आम्ही 96 टक्के अल्कोहोलपर्यंत न्यायचो. तिथवर गेलं की त्याला वास नाही, चव नाही, ते कशापासून केलंय तेही ओळखू येत नाही. तेच आमचं कसब होतं. बर्बन 80 टक्क्यांच्या वर न्यायला अमेरिकेच्या कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळं धान्याचा अंश तिच्यात उरतो. हे मला फार आवडलं.

आणखी एक. आमच्याकडं स्पेंट वॉश, म्हणजे स्पिरिट काढून घेतल्यावर उरलेलं पाणी, हा डोक्याला ताप, कुठं जिरवायचा हीच चिंता. केंटकीत बहुतेक जण त्यातलाच थोडा पुढच्या घाण्याच्या मॅशमध्ये, म्हणजे आंबवायच्या धान्याच्या लगद्यात, घालतात. त्याच्या आंबटपणानं नको ते जंतू माजत नाहीत आणि प्रत्येक घाण्याची चव सारखी येते.

मग पिंप. ओकचं, दरवेळी नवंकोरं, आतून जाळून कोळसा केलेलं. उकाड्यात दारू लाकडात शिरते, गारठ्यात बाहेर येते, येताना व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेची चव घेऊन येते. रंगही तिथलाच, वरून कॅरमेलचा थेंबही घालायचा नाही. तिकडं गोदामाच्या वरच्या मजल्यावर इतकं तापतं, की लाकडातून दारूपेक्षा पाणी जास्त उडतं आणि पिंपातली दारू आणखी कडक होत जाते. आपल्या 43 अंशांत एखादं पिंप ठेवलं तर काय होईल, यावर आम्ही मामा-भाचे रात्री बारापर्यंत बोलत होतो.

सकाळी ग्लास विसळायला घेतले. तळाशी नुसता सुकलेला डाग होता, पण वास तसाच होता, जळक्या लाकडाचा आणि गुळाचा. आमच्या स्पिरिटचा ग्लास रात्रभर ठेवला असता तर काहीच उरलं नसतं. मी तो ग्लास दुपारपर्यंत विसळला नाही.