एकच 'क', दोन स्पेलिंगे

बँकेत बढती मिळून माझी बदली तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या शाखेत झाली, तेव्हा मला तमिळचे एक अक्षरही येत नव्हते. समोरच्या माणसाचे म्हणणे कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, हे मला पटेना. म्हणून रुजू झाल्याच्या आठवड्यातच पहिलीचे पुस्तक आणले आणि रोज रात्री तासभर अक्षरे गिरवू लागले. 12 स्वर, 18 व्यंजने, त्यांच्या मेळातून होणारी 216 अक्षरे आणि आयुधम् नावाचे एक वेगळे अक्षर, अशी एकूण 247 अक्षरे. स्वराला तेथे उयिर् म्हणजे प्राण म्हणतात, व्यंजनाला मेय् म्हणजे देह, आणि दोन्ही मिळून झालेल्या अक्षराला उयिर्मेय्. ही नावे मला इतकी भावली की पाठांतराचा कंटाळा कधी आला नाही.

अडले ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्या क, ख, ग, घ या चारही अक्षरांसाठी तमिळमध्ये एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांचेही तसेच. उच्चार ठरतो तो शब्दातील जागेवरून: द्वित्त असेल तर कठोर, अनुनासिकानंतर आले तर मृदू. संस्कृतातून आलेल्या नावांत मात्र हा नियमही पुरत नाही, नाव कानाला ओळखीचे असावे लागते. महात्मा गांधींचे आडनाव आणि तेज या अर्थाचा कान्ति हा शब्द तमिळमध्ये अगदी एकसारखे लिहितात, हे कळले तेव्हा मी वहीत ते दोनदा लिहून खाली रेघ मारली होती.

चौथ्या महिन्यात एके दिवशी सत्तरीच्या एक बाई काउंटरवर आल्या. त्यांचे खरे नाव येथे देणे योग्य नाही. पण अडचण नावाच्या अक्षरांतच असल्यामुळे त्याच घडणीचे, तेथील नेल्लैयप्पर मंदिरातील देवीचे कान्तिमती हे नाव मी त्यांच्यासाठी वापरते. पतीच्या निधनानंतर त्यांची मुदत ठेव मोडून घ्यायची होती आणि नॉमिनी त्या स्वतःच होत्या. आमच्या संगणकातील नोंदीत इंग्रजी नाव 'जी'ने सुरू होत होते, आधार कार्डावर 'के'ने. नावे जुळत नाहीत म्हणून त्यांना दोनदा परत पाठवले होते आणि प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले होते.

"मूणु तडवै वन्दुट्टेन्," त्या म्हणाल्या. पुस्तकात मी वन्दुविट्टेन् शिकले होते. लिहिण्याची तमिळ आणि बोलण्याची तमिळ यांत एवढे अंतर आहे की ही तिसरी खेप आहे, एवढे समजायलाही मला क्षणभर थांबावे लागले. पुढचे मात्र लगेच कळले. मालकांनी माझेच नाव चुकीचे लिहून ठेवले, असे त्या खालच्या आवाजात सांगत होत्या, आणि पैसे अडकल्यापेक्षा त्यांना तेच अधिक लागले होते.

मी म्हणाले, "नाम पाक्कलाम्." आपण बघू. मराठीतल्या आम्ही आणि आपण यांच्यासारखाच भेद तमिळमध्ये नाङ्गळ् आणि नाम यांत आहे, हे मला सुदैवाने पहिल्याच आठवड्यात उमगले होते. त्या खुर्चीवर बसल्या.

कपाटातून ठेवीचा मूळ अर्ज काढला. त्यांच्या पतीने तो निळ्या शाईने, तमिळमध्ये, सावकाश लिहिलेला होता. आधार कार्डावर इंग्रजी नावासोबत तमिळ नावही छापलेले असते, तिकडे तोवर कोणी पाहिलेच नव्हते. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि प्रत्येक अक्षराखाली बोट धरून वाचू लागले: का, न्, ति, म, ति. दोन्हीकडे तेच, एका काना-मात्रेचाही फरक नाही. एकाच 'क'चे इंग्रजी एकाने 'के' केले होते आणि आमच्याकडील कोणीतरी 'जी'. तमिळ वाचणारे सहकारी शाखेत होते, पण सगळा व्यवहार पडद्यावरच्या इंग्रजी नावावर चालत असल्यामुळे जुना अर्ज कोणी उघडलाच नव्हता, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितले की मालकांनी नाव बरोबर लिहिले आहे, चूक आमची आहे. त्यांनी चष्मा लावला, त्या निळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

व्यवस्थापकांनी दोन्ही कागद पाहून प्रतिज्ञापत्राची अट काढली. तशी टिपणी फाइलवर ठेवताना मी त्यांचे नाव तमिळमध्ये लिहिले; कचेरीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला तो माझा पहिला तमिळ शब्द. त्यांनी वाकून तो वाचला आणि दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवले. "पुळ्ळि," त्या म्हणाल्या. 'न'च्या डोक्यावरचा ठिपका, ज्याने आपल्या पाय मोडण्याचे काम होते, तो राहिला होता. मी तो दिला आणि त्यांनी सही केली.