लगामापाशी अडलेलं घोडं

उत्तरेकडून आलेली माणसं आमच्या बेळगावला 'बेलगाम' म्हणतात. बेलगाम, म्हणजे ज्याला लगाम नाही तो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी 'बेळगावी' झालं, तरी त्यांची जीभ काही वळत नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी घरात घोडी आली आणि नाव खरं ठरायची वेळ आली. गावभर हिंडलो, लगाम मिळेना.

घोडी आली ती लेकीमुळे. पुण्यात शिकायला होती तेव्हा रविवार-रविवार घोड्यावर बसायला शिकली आणि परत आली ती इंग्लिश रायडिंगचं खूळ घेऊन. चिकोडीकडच्या एका शर्यतवाल्याला घोडी काढायची होती. काठेवाडी वळणाची, रंगानं कुमाईत (म्हणजे तांबूस-तपकिरी), कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहणारी. नाव राणी. (घोडीचं नाव राणीच असतं, त्यात आमची अक्कल काही नाही.) तिच्यासोबत जे सामान आलं त्यात लाल गोंडे, दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि एक काटेरी कडियाळ, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसवायचं लोखंड, होतं. असल्या काटेरी कडियाळावर जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. नियम होऊन साठ वर्षं झाली, पण वस्तू पोत्यातून निघतेच. अप्पांनी ते हातात घेतलं, अंगठा फिरवून बघितला आणि काही न बोलता भंगाराच्या डब्यात टाकलं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं टांगा हाकला. स्टेशन ते खडेबाजार, स्टेशन ते कॅम्प. टांगा गेला, घोडा गेला, घंटी तेवढी खुंटीला राहिली. त्यामुळे नात घोडी आणते म्हटल्यावर म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला. पण नातीची भाषा त्यांना कळेना. ती हेडपीस, चीकपीस, ब्राउबँड, थ्रोटलॅश, नोजबँड (म्हणजे कानांमागची, गालाची, कपाळाची, गळ्याची आणि नाकाची पट्टी) असं एकेक बोटावर मोजायची. अप्पांच्या लेखी तोंडातलं लोखंड ते कडियाळ, हातातली ती बाग, आणि सगळं मिळून लगाम.

"आणि बाकीच्या पट्ट्यांना काय म्हणत होता आजोबा?"

"पट्टी म्हणत होतो की. आणि काय म्हणायचं?"

लगाम हा शब्द फारसीतून आला. कडियाळ मात्र शेजारघरचं दिसतं. कन्नडात लगामाला कडिवाण म्हणतात, आणि 'कडि' म्हणजे चावणं. बागडोरीची तर गंमतच आहे. वर्तमानपत्रात ती रोज कुणाच्या ना कुणाच्या हाती जाते, बाजारात मागायला गेलो तर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत बसला.

शेवटी पहिला लगाम फोनवरून मागवला. चौदाशे रुपये, घरपोच. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. फोटोतल्या चकाकीला भुललो. पिशवी उघडली तर चामड्याचा वास येण्याऐवजी रंगाच्या डब्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी लेकीचे तळहात काळे. तिसऱ्या आठवड्यात बकलांची चांदी पोपडे धरून निघाली, खाली पिवळट धातू. आणि एका सकाळी राणीनं मान झटकली तशी गालावरची पट्टी आकड्याच्या छिद्रातून फाटली. घोडी शहाणी, जागच्या जागी उभी राहिली. पळाली असती तर हा लेख वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

अप्पांनी तो तुकडा उचलून बोटांवर दुमडला. वरच्या थरावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं. "पोटाकडचं कातडं हाय ह्ये," ते म्हणाले. "पोटाचं कातडं सैल. ओढलं की लांबतं. लगामाला पाठीचं पायजे." इंग्लिश लगामाचं अप्पांना काही कळत नाही असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं, ते तिथं मोडलं.

मग आम्ही शहाण्यासारखी मापं घ्यायला बसलो. बायकोचा ब्लाउज शिवायचा टेप. तोंडाच्या एका कोपऱ्यापासून, कानांमागून वर जाऊन, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक माप. एका कानामागून कपाळावरून दुसऱ्या कानामागं दुसरं. गालाच्या हाडाखाली दोन बोटं सोडून नाकाभोवती तिसरं. राणीला टेप आवडला, तिनं तो दोनदा चघळला. मापं हाती आली तेव्हा नवीनच घोळ. तयार लगाम पोनी (लहान), कॉब (मधलं) आणि फुल (मोठं) अशा मापांत मिळतात, आणि ती मापं धरलेली असतात विलायती घोड्यांच्या डोक्यांवर. आमच्या काठेवाडी राणीचं कपाळ परातीसारखं रुंद आणि तोंड खाली निमुळतं होत गेलेलं. म्हणजे कपाळपट्टी फुलची हवी आणि गालपट्ट्या कॉबच्या. कपाळपट्टी आखूड पडली की ती वरची पट्टी पुढं ओढते, ती कानांच्या बुडाशी घासते, आणि मग घोडं डोकं झाडायला लागलं की लोक म्हणतात, जनावर खोडील आहे. कडियाळाचंही तसंच. राणीचं तोंड पावणेपाच इंच, म्हणून पाच इंची घेतलं. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहावी, ओठ चिमटू नयेत.

स्वस्त आणि टिकाऊ हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला लग्नात वधूपिता आठवतो. दोन्ही हवंच असतं, आणि ओझं त्याच्याच खिशावर. पण त्या दोन महिन्यांत एक गोष्ट डोक्यात शिरली. लगाम सगळीकडून सारखा झिजत नाही. कपाळपट्टी वर्षानुवर्षं टिकते, तिच्यावर ओढच नसते. तुटतो तो कडियाळाशी जिथं पट्टी वळते तिथं, आकडा छिद्रात अडकतो तिथं, आणि बागेच्या टोकाला. चार-पाच ठिकाणं, प्रत्येक बोटभर लांबीची. उरलेलं सगळं शोभा. तरी विकणारे शोभेवरच खर्च करतात. कपाळपट्टीवर खडे जडवतात, नाकपट्टीखाली फोम भरतात, आणि टाके मात्र इंचाला पाच. मी आता सरळ भिंग घेऊन टाके मोजतो. इंचाला आठ-दहा असले तर पुढं बोलायचं. कानांमागची पट्टी एकसलग हवी, मध्ये जोड नको. कडियाळ स्टेनलेस स्टीलचं. नाकपट्टी साधी, आणि तिच्याखाली दोन बोटं सहज जावीत इतकी सैल. गळपट्टीखाली अख्खी मूठ. खडे नकोत. लेकीनं खड्यांसाठी दोन दिवस अबोला धरला, तो सोसला.

मधल्या काळात प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांच्या लगामाचा विचार झाला. पाण्यानं धुवा, बुरशी नाही, तेल नाही, आमच्या पावसात सोन्यासारखी गोष्ट. अप्पांचा एकच प्रश्न : "घोडी खुंटात अडकली तर तुटंल का ह्ये?" नाही, तुटणार नाही, जाहिरातीत तेच छापलं होतं. "मग नको. अडकलं तर लगाम तुटावा, मान न्हवं." न तुटणं ही प्रत्येक वेळी भलाईची गोष्ट नसते हे जाहिरात लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी कानपूरचा घेतला. कानपूरच्या खोगीर-लगामाच्या कामाला भौगोलिक मानांकन आहे, तिथला माल परदेशात जातो. विलायतेत वॉलसॉलची दुकानं याच कामाला प्रसिद्ध आहेत, पण तिथली किंमत रुपयांत करून बघितली आणि फोन उलटा ठेवला. कानपूरचे सुटे भाग घेतले : फुलची कपाळपट्टी, कॉबच्या गालपट्ट्या, पावसात हात घसरू नयेत म्हणून रबर बसवलेली बाग. साडेचार हजार. चामडं बरं, धातू बरा, टाके नऊ. एकच उणं : गालपट्टीच्या आकड्याशी शिवण उरकून टाकलेली. परत पाठवावा तर महिना गेला असता. अप्पा म्हणाले, "अथणीला ने की. चपलावाल्याकडं."

मला हसू आलं. पण कोल्हापुरी चपला करणाऱ्या अथणीचं चामडं काय ते आम्हाला कळायला हवं होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमेचा वाद जिथं अजून कोर्टात आहे तिथं चपलेनं दोन पाय दोन राज्यांत ठेवून प्रश्न मिटवलाय. वाटेत अंकली धरली, कारण अप्पांना तिथं उतरून हात जोडायचे होते. ज्ञानोबांच्या पालखीचे अश्व इथल्या शितोळे सरकारांकडून निघतात आणि चालत आळंदीला पोचतात. दोनांतल्या एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, ती माउलींची जागा. रिंगणात तो स्वाराशिवाय धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. लगाम कशाला असतो याबद्दलची माझी सगळी हिशेबी अक्कल त्या रिकाम्या खोगिरापाशी जरा गप्प होते. अप्पा बसमध्ये परत चढले तेव्हा म्हणाले, "त्याला कोण वडतंय? तरी सरळ धावतंय."

अथणीतले मामा आमच्या लगामाकडे बघून आधी हसले. मग चष्मा लावला. गालपट्टी वाकवली, नखानं खरवडली, नाकाला लावली. "तोगलु छलो ऐति," असा निकाल दिला. तोगलु म्हणजे कातडं, आणि ते चांगलं आहे. मग आपल्या मराठीत समजावलं. त्यांच्याकडचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, तळव्याला उत्तम, पण कडक. घोड्याच्या गालाला ते नको, त्याला तेल प्यालेलं मऊ कातडं लागतं. "लगाम मी करणार न्हाई. शिवतो." मला ते फार आवडलं. चौदाशेवाल्यानं एवढं सांगितलं असतं तर? मामांनी जुनी शिवण उसवली, मेण चोळलेला दोरा दोन सुयांत ओवला आणि आरीनं पाडलेल्या एकेका भोकातून दोन्ही बाजूंनी सुया काढत गेले. म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचा उसवत नाही. चारही टोकं शिवायला दीड तास. पैसे विचारले तर म्हणाले, चपलेचा जोड घ्या. अप्पांनी घेतला. घासाघीस करून घेतला.

लगाम टिकवायचं काम मात्र अथणीत होत नाही, ते खानापूरकडून येणाऱ्या पावसात घरी करावं लागतं. पहिल्या जुलैतच पट्ट्यांवर पांढरी लव उगवली. मी त्या चुलीपाशी वाळवायला टांगल्या तेव्हा अप्पांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी शाळेत नापास झालो तेव्हाचीच. उन्हात नको, आगीपाशी नको, वाऱ्याला सावलीत. घामाचं मीठ ओल्या फडक्यानं रोज पुसायचं, कडियाळ प्रत्येक वेळी धुवायचं, आठवड्याला ग्लिसरिनचा साबण, तेल थोडंच. मी उत्साहात दोनदा भरपूर तेल पाजलं, तर पट्टी केळीच्या सालीसारखी लुळी पडली. आता तेलाची बाटली अप्पांच्या ट्रंकेत असते.

नवीन शिवणीला वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात बागेचं एक टोक सैल वाटलं म्हणून पुन्हा अथणीला गेलो, या वेळी एकटाच. मामांच्या दुकानात भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे कागदी आकार टांगलेले असतात, नावानिशी. त्यांच्यात एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर गालपट्टीचा आणि बागेच्या टोकाचा आकार पेन्सिलीनं काढून ठेवला होता. खाली कन्नडात एकच शब्द. मला वाचता येतो तेवढा : कुदुरे. घोडा. पायाचं माप मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

"तुमचं नाव विसरलो हो," मामा म्हणाले.