होमस्कूलिंगचं आमचं टाइमटेबल पाऊस ठरवतो

मुलांना घरीच शिकवतो म्हणलं की दोन प्रश्न हमखास येतात, हे कायद्याने चालतं का आणि पोरं दिवसभर करतात काय. पहिल्याचं लवकर उरकते. 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाहीये, 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे असं कलम 10 म्हणतं, पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा काय ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे सगळं अधांतरीच. परीक्षांची सोय मात्र आहे. एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, त्यांची ओबीई ही शाळेत न जाता देता येणारी परीक्षा आहे, तिच्या ए, बी, सी या लेव्हल म्हणजे तिसरी, पाचवी आणि आठवी. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पण पाचवी आणि आठवी घेतं, पाचवीला दहा वर्षं पूर्ण लागतात. इतकं समजल्यावर माझी झोप जरा बरी लागायला लागली.

आता दुसरा प्रश्न. आम्ही पुण्यातून भोर तालुक्यात राहायला आलो, नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, घर भाड्याचं आणि घरामागे लगेच भाताची खाचरं. मोठी तेव्हा साडेसहा वर्षांची होती आणि धाकटा चारचा. सकाळी एक तास वाचन, लेखन, गणित हे ठरलेलं, त्यासाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात तीच वापरतो. बाकीचा दिवस बाहेर काय चाललंय त्यावर.

आमचं वर्ष जूनमध्येच सुरू होतं, म्हणजे शाळेसारखंच, फक्त आमची घंटा म्हणजे मृग. शेजारच्या आक्कांनी सात जूनच्या आसपास मृग लागतो असं सांगितलं आणि पहिल्या सरीनंतर बांधावर लाल मखमली किडे निघाले. धाकट्याने एक तळहातावर घेतला, मोठीने पाय मोजले, आठ! मग किडा कसा, किड्याला तर सहा पाय असतात. त्यावरून मुंगी, झुरळ, कोळी, जे सापडेल त्याचे पाय मोजायचा कार्यक्रम आठवडाभर चालला आणि मृगाचा किडा हा खरं तर कोळ्याच्या नात्यातला आहे हे दोघांच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, तळाशी खडे टाकून एका रेषेपर्यंत पाणी भरायचं आणि त्या रेषेला शून्य धरून पट्टी चिकटवायची. हवामान खातं पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला घेतं म्हणून आम्ही पण साडेआठला वहीत लिहितो. ही एक बाटली आम्हाला जे गणित शिकवून गेली ते पुस्तकातून शिकवायला मला नाकी नऊ आले असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मी सांगितलं तेव्हा मोठीचा विश्वासच बसेना, मग अंगणात खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखला आणि दहा सेंटीमीटर म्हणजे शंभर मिलिमीटर, म्हणजे या चौकोनावर शंभर लिटर, म्हणजे पाच बादल्या, असं करत करत ती पत्र्याच्या पडवीपर्यंत पोचली, आणि वीस चौरस मीटरच्या पत्र्यावरून शंभर मिलिमीटर पावसात दोन हजार लिटर पाणी वाहून जातं म्हणजे आपल्या टाकीसारख्या दोन टाक्या, असा हिशोब तिने बाबाला सांगितला. पुढच्या रविवारी बाबा पन्हाळ बसवत होता.

पावसाळ्याबद्दल सगळे छान छान लिहितात, मी थोडं खरं सांगते. जुलैत कपडे वाळत नाहीत, वह्यांना बुरशी येते, पोरं घरात एकमेकांच्या जिवावर उठतात. आणि साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचे फोटो दाराच्या आत चिकटवलेत, बाहेर जाताना गमबूट, अंधार पडला की बॅटरी, लाकडाच्या ढिगाला हात लावायचा नाही, यात लाड नाहीत. प्रतिविषाचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते येऊन पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवलं होतं. निसर्गशिक्षण वगैरे ज्यांना करायचंय त्यांनी आधी हे करा, पानांचे ठसे नंतर.

लावणीला आक्कांच्या खाचरात आम्ही सगळेच उतरतो. मे महिन्यात राब भाजला होता, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळला होता, तिथे रोपं कशी तरारून आली ते मुलांनी पाहिलेलं असतं, मग रोपं उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात लावायच्या. धाकट्याचं लावलेलं अर्धं आक्का मागून परत सरळ करत येतात, बोलत काही नाहीत. एका चुडाला किती फुटवे आले, एका लोंबीत किती दाणे, हे आम्ही कापणीला मोजतो, लोंबीत शंभराच्या वर दाणे निघाले की धाकटा किंचाळतो. इंद्रायणीचा भात चिकट का होतो हा प्रश्न ताटावर बसून आला, त्याचं उत्तर स्टार्चच्या प्रकारांपर्यंत गेलं, मला स्वतःला वाचायला लागलं.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. पहिलं वर्ष बघायला मस्त वाटतं, फोटो पण भरपूर निघतात, पण मुलांचं खरं शिकणं मला दुसऱ्या वर्षी दिसलं. म्हणजे तोच मृग, तेच खाचर, तीच बाटली, मला वाटलं आता पोरं कंटाळणार, तर उलटंच. मोठी जुनी वही काढून बसली, "आई, मागच्या वर्षी या तारखेपर्यंत बाटली इतक्यांदा भरलेली, आता का नाही?" पहिल्या वर्षी तुलना करायला हातात काही नव्हतंच ना. आक्का म्हणतात पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा आणि पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती, पहिल्या वर्षी मुलांनी ते गाण्यासारखं पाठ केलं, दुसऱ्या वर्षी मोठी भांडायला उभी, की स्वातीचा पाऊस चांगला कसा, आपला कापलेला भात तर भिजला! मग कळलं की ऑक्टोबरच्या शेवटी पडणारा तो पाऊस देशावरच्या रब्बी ज्वारीला सोन्यासारखा आणि आमच्याकडे खाचरात आडव्या पडलेल्या भाताला काळ. एकच म्हण, दोन तालुक्यांत दोन अर्थ. भूगोल याहून वेगळा काय असतो मला सांगा.

त्यामुळे दरवर्षी नवीन अ‍ॅक्टिव्हिटी शोधत बसणाऱ्या आयांना माझं सांगणं, शोधू नका, तेच परत करा.

गणपतीच्या पत्रीचंही तसंच. एकवीस पानांची यादी घेऊन आम्ही निघतो, आघाडा, माका, डोरली, बेल, रुई, शमी, अर्जुन. देवदार कुठून आणणार, तो हिमालयातला, हे सांगितल्यावर मग आपल्या यादीत कसा आला यावर जेवणं होईपर्यंत चर्चा. गौरीसाठी तेरडा आणायला गेलो की त्याच्या पिकलेल्या शेंगा हात लावताच फुटतात, तिथून पोरं हलत नाहीत. कळलावी मात्र लांबून, कितीही सुंदर दिसली तरी, ती विषारी आहे.

हिवाळ्यात फार काही करत नाही. ओढ्याच्या दगडांवर शेपटी हलवणारे करडे धोबी आले की तारीख लिहितो, भोगीच्या भाजीतलं काय काय आपल्या परसात आहे ते मोजतो, हुरडा खायला आजोळी जातो. एवढंच.

उन्हाळ्यात पळस फुलला की फुलं वाळवून रंग, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस. अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ रोवायची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सगळे समजतात बाराला सूर्य डोक्यावर, आमची सावली नाहीशी झाली साडेबाराला! कारण भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि आपण 74 च्या जवळ, एका अंशाला चार मिनिटं. हे मोठीला तिसऱ्या मेमध्ये नीट समजलं, त्याआधी तिला फक्त काठी आवडायची. दुसऱ्यांदा शून्य सावली जुलैच्या शेवटी येते पण तेव्हा इथे सूर्य दिसेल तर शपथ.

नातेवाइकांचं विचाराल तर सासूबाई पहिले दोन वर्षं बोलत नव्हत्या, म्हणजे या विषयावर. आता त्याच फोन करून बहावा फुलला का विचारतात, कारण त्यांच्या माहेरी बहाव्यावरून पावसाचा अंदाज बांधायचे.

सध्या नवीनच विषय निघालाय. मोठी आता नऊची आहे आणि तिला शाळेत जायचंय, गावातल्या दोन मैत्रिणी जातात म्हणून. आम्ही नाही म्हणणार नाही. आरटीईच्या कलम 4 मध्ये वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा असं आहे आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवण्याची पण तरतूद आहे, त्यामुळे कागदांचं मला फार टेन्शन नाही, मुख्याध्यापकांना भेटून आलोय, जन्मदाखला आणि आधार घेऊन या म्हणाले. धाकट्याला मात्र विचारलं तर त्याने साफ सांगितलं की ताईला जाऊ दे, वही माझी.