रंग शेवटी: जुनं लेथ पुन्हा चालू करताना

पैसे सगळ्यांचे असले की कुठलं मशीन घ्यायचं यावर महिनोन्‌महिने चर्चा चालते. आमची फार चालली नाही, कारण पैसेच कमी होते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे एका जुन्या शेडमध्ये आम्ही काही जण मिळून वर्कशॉप चालवतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, आयटीआयची पोरं, जुन्या बुलेट उघडून बसणारा एक गडी, एक ऊसवाला शेतकरी, आणि माझ्यासारखे हौशी. वेल्डिंग, ड्रिल, ग्राइंडर होतं; लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातणारं मशीन, नव्हतं. शेवटी एका बंद पडलेल्या कारखान्यातलं सहा फुटी बेडचं (बेड म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं आणि सरकतं तो लांब सांगाडा) लेथ भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचललं. नावाची पट्टी गायब. आण्णांनी हेडस्टॉकवर (कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवणाऱ्या डोक्यावर) थाप मारून "बटाल्याचं दिसतंय" असं जाहीर केलं. पंजाबातल्या बटाल्याची लेथं पूर्वी सगळीकडे जायची, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

घेण्याआधी आण्णांनी दोनच गोष्टी बघितल्या. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ (जॉब धरणाऱ्या जबड्याजवळ) आणून त्याचे गिब (सैलपणा घालवणाऱ्या पट्ट्या) हाताला जरा घट्ट लागेपर्यंत आवळले आणि मग कॅरेज टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) ढकललं. अर्ध्या वाटेत ते अडकलं. म्हणजे चकजवळचा बेड झिजलाय, पलीकडचा अजून मूळ मापाला आहे. मग चकमध्ये जाड पाइप धरून तो वर उचलला आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहिलं. बेअरिंग सैल होतं, पण शाफ्टवर ओरखडे नव्हते. "चालतंय, घ्या." बाकी गंज, रंग, तुटकी हँडलं याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आणण्यात विशेष काही नाही: चेन ब्लॉक, पहारी, खाली पाइपचे रोलर. एवढं लक्षात ठेवावं की सगळं वजन हेडस्टॉककडे असतं, म्हणून उचलताना कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला सरकवून तोल साधायचा आणि पट्टा लीडस्क्रूवरून (आटे काढताना कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूवरून) अजिबात घ्यायचा नाही. वाकलेला लीडस्क्रू सरळ करणं महागात जातं.

भांडण सुरू झालं ते साफसफाईपासून. पोरांना आधी रंग मारायचा होता. ग्रे की हिरवा, यावर ग्रुपवर मतदानही झालं. एकाने ग्राइंडरला वायर-ब्रश लावून बेडकडे मोर्चा वळवला तेव्हा आण्णांनी प्लगच काढून घेतला. "आरं, बेडला हात लावायचा न्हाई. आन् ते पॉलिश पेपर बी ठेव बाजूला." कारण साधं आहे. पॉलिश पेपरचे कण बिडात रुततात आणि नंतर कॅरेजच्या प्रत्येक फेरीत बेड आणि कॅरेज दोन्ही खात बसतात. बेडवर फक्त ब्लेडचं पातं, डिझेल (रॉकेल आता सहज मिळत नाही) आणि सपाट ऑइलस्टोन. तोही हलक्या हाताने, धातूचे उठलेले बारीक कंगोरे तेवढे बसवायला. कॅरेजच्या एप्रनमध्ये (पुढच्या पेटीत) तेल, बिडाचा भुसा आणि कातलेल्या धातूचा बारीक कीस यांचा असा काही थर जमला होता की तो स्क्रूड्रायव्हरने कोरून काढावा लागला. खाली गियर आहेत हे आम्हाला त्यानंतरच कळलं.

गंजलेले छोटे भाग आम्ही इलेक्ट्रोलिसिसला टाकले. प्लास्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह जॉबला आणि पॉझिटिव्ह जुन्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि टब उघड्यावर ठेवा, कारण वर येणारे बुडबुडे पेट घेणाऱ्या हायड्रोजनचे असतात. आमच्याकडे शेजारीच वेल्डिंग चालायचं.

सामायिक जागेतली खरी अडचण वेगळीच असते. आज तुम्ही काढून ठेवलेला स्क्रू उद्या दुसऱ्याच्या बुलेटला लागलेला असतो. म्हणून प्रत्येक भागाची नंबर टाकलेली पिशवी, काढण्याआधी फोटो, आणि जे सेट झालंय त्यावर लाल चिंधी. चिंधी बांधलेल्या बोल्टला पाना लावला तर त्या दिवसाचा चहा त्याच्याकडून. हा नियम सगळ्यात जास्त वेळा आण्णांनीच मोडला, आणि चहा कधीच पाजला नाही.

हेडस्टॉकच्या बेअरिंगचे बुश गनमेटलचे होते, मधल्या शिम (पातळ पत्रे) काढत-काढत सैलपणा घालवता आला. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल मात्र जवळजवळ अर्धा फेरा नुसतंच फिरायचं. स्क्रू बरा होता, नट संपला होता. इथे उद्यमनगर शेजारी असल्याचा फायदा. गनमेटलचा तुकडा, त्यात डाव्या फेऱ्याचा अ‍ॅक्मे (तिरप्या बाजूंचा) आटा, हे काम पायी जाण्याच्या अंतरावर झालं. तुटलेल्या हँडव्हीलचा लाकडी पॅटर्न आमच्याच एकाने बनवला आणि एका फाउंड्रीवाल्याने तो आपल्या रोजच्या ओतकामात घालून दिला. दुसऱ्या गावात हे केलं असतं तर नट आणि हँडव्हीलच लेथच्या किमतीला भारी पडलं असतं.

मोटर दोन एचपीची, थ्री फेज. शेडमध्ये सिंगल फेज. मोटरच्या आतल्या गुंडाळ्या ४१५ व्होल्टसाठी स्टार पद्धतीने जोडलेल्या होत्या. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून जोडणी डेल्टा केली की मोटर २३० व्होल्टवर चालते, आणि सिंगल फेज आत घेऊन २३० व्होल्टचे तीन फेज बाहेर देणारा ड्राइव्ह बाजारात मिळतो. ड्राइव्हमध्ये रिव्हर्सचं बटण आम्ही जोडलंच नाही. या लेथचं चक स्पिंडलवर (हेडस्टॉकच्या फिरणाऱ्या शाफ्टवर) आट्याने बसतं. जोरात फिरताना एकदम उलटं फिरवलं तर ते सुटून पायावर येईल. थांबण्याचा वेळही मुद्दाम लांबवला. नवीन माणसाच्या हाताखाली मशीन जाणार असेल तर हे करावंच.

आता लेव्हलिंग. माझ्या मते जुन्या लेथचं निम्मं नशीब इथे ठरतं. बेड झिजलाय म्हणून लोक घाबरतात, पण हिशोब करून बघा. टूल ०.१ मिलिमीटर नुसतं खाली उतरलं तर ५० मिलिमीटरच्या जॉबच्या व्यासात अर्धा मायक्रॉनसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडत नाही. बेडला पीळ पडला, म्हणजे पुढची-मागची पट्टी वेगवेगळी खालीवर झाली, तर मात्र टूल आडवं सरकतं, आणि ती चूक व्यासात दुप्पट होऊन उतरते.

पाया पक्का झाल्यावर आधी एका ओळखीच्या टूलरूममधून मीटरला ०.०२ मिलिमीटरची स्पिरिट लेव्हल आणून ढोबळ काम उरकलं. मग खरी परीक्षा. चकमध्ये ४० मिलिमीटरचा बार धरला, साधारण २०० मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन्ही टोकांना कॉलर (जाड कडी) सोडून मधला भाग खाली घेतला. मग टूलला हात न लावता दोन्ही कॉलरवर अगदी हलका कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. बाहेरची कॉलर चकजवळच्या कॉलरपेक्षा ९० मायक्रॉन मोठी. म्हणजे टेलस्टॉककडे जाताना टूल आपल्याकडे सरकतंय. उपाय: टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा पाय थोडा उचलायचा, म्हणजे कॅरेज मागे कलतं. आधी अंदाज घ्यायला कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून पायाखाली घातला. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. बोल्ट आवळला, पुन्हा कट, पुन्हा माप. दरवेळी कॉलरवर खडूने आकडा. फरक वीस मायक्रॉनच्या आत आल्यावर पत्रा काढून तेवढ्याच जाडीची स्टीलची शिम बसवली, कारण अ‍ॅल्युमिनियम वजनाखाली दबत राहतं. शेवटी दहावर थांबलो. चकजवळच्या झिजेमुळे त्याखाली जाण्यात अर्थ नव्हता, आणि बेड ग्राइंड करून घेण्याचा भाव लेथपेक्षा जास्त होता.

लीडस्क्रू इंचाला ४ आट्यांचा. आजकाल येणारी कामं मात्र सगळी मिलिमीटरची. इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे अचूक काढायला १२७ दातांचा गियर लागतो, कारण २५.४ ची पाचपट १२७. आमचे गियर १४ डीपीचे (व्यासाच्या दर इंचाला १४ दात). त्या मापात १२७ दातांचा गियर सव्वानऊ इंची होतो आणि कव्हरमध्ये मावतच नाही. त्याऐवजी आम्ही ६३ दातांचा करून घेतला. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवं होतं १.२७ (१२७ भागिले १००). शंभर मिलिमीटर आट्यात चूक ०.०१२५ मिलिमीटर. आमच्या बोल्टांना ती कळतही नाही. बुलेटवाल्याला हे पटेना. त्याने आपला नट घालून बघितला, मग गप्प बसला.

रंग नंतर मारला. हिरवा.

पहिलं काम ऊसवाल्याच्या पॉवर टिलरच्या पिनचं झालं. सध्या अडकलोय ते टेलस्टॉकवर. त्याचा तळ झिजल्याने त्याचं सेंटर (मधलं टोक) स्पिंडलपेक्षा जवळजवळ पाव मिलिमीटर खाली आहे, त्यामुळे ड्रिलची भोकं मोठी पडतात. तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये शिम घालायची आहे. तोपर्यंत ड्रिलिंग करणाऱ्यांनी आधी सेंटर ड्रिल मारावं, भोक कमी मापाचं घ्यावं आणि बोरिंग टूलने (भोक आतून कातणाऱ्या टूलने) पुरं करावं, असं फळ्यावर लिहून ठेवलंय.